एलन ॲशवर्थचा जादा ह

आमच्या स्टोनीक्लफ या गिरणगावात थेल्मा ॲशवर्थला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. निम्म्या गावाला तिनं शाळेच्या खानावळीत वाढलंय आणि ताटात बीट टाकलं म्हणून झापलंय. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. निवृत्त झाल्यावर तिच्या वयाच्या बाया लोकर-सुया घेऊन बसल्या. हिनं जुन्या नोंदींत आपल्या पणजीचा माग धरला.

पणजीचं नाव एलन. विधवा झाल्यावर तिनं गावाला उठवायचं काम धरलं. लांब काठी, टोकाला तारांचा झुबका. पहाटेच्या धुक्यात गल्लीगल्ली फिरायचं आणि वरच्या मजल्यांच्या काचांवर खडखड करून गिरणीच्या माणसांना अंथरुणातून काढायचं. कुणी खिडकी उघडून शिवी हासडली तर ही खालून दोन हासडायची. आपल्याला तर ही बाई फार आवडते बुवा. म्हातारपणच्या शिरगणतीत तिचं नाव, गल्ली, धंदा सगळं बिनचूक आहे. असणारच, नावं लिहायला आलेला माणूस तिनंच वर्षानुवर्षं झोपेतून उठवलेला.

पण ॲशवर्थांच्या घरात तिच्या तरुणपणाची गोष्ट जास्त चालायची. टेकडीवरचं चॅपल, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, गिरणीवाल्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. पुरुषांनी दगड फोडले, आणि बायांनी गिरणी सुटल्यावर ते एप्रनच्या ओच्यात घालून खाणीपासून वर वाहिले. त्यात एलन होती, पोटात थेल्माचा आजोबा घेऊन. आता त्या बायांच्या नावांची शिळा चॅपलच्या दाराशी बसणार होती. व्हिट फ्रायडेला, सणाच्या शुक्रवारी, बँड आणि निशाणं घेऊन सगळ्या चॅपलांची माणसं मिरवणुकीनं निघतात, त्या दिवशी तिच्यावरचा पडदा निघायचा होता. एलनचं नाव त्या दगडावर यावं, एवढी एकच गोष्ट थेल्माला हवी होती.

आडवी आली विनिफ्रेड एंटविसल. ही शिळेसाठी नेमलेल्या समितीची चिटणीस, आणि शाळेत थेल्माच्याच बाकावर बसलेली. तिनं नियम काढला, की चॅपल बांधलं त्या वर्षी बाई गावात राहत होती याचा पुरावा आणा. त्या वर्षीची शिरगणती होतीच. थेल्मानं ती पालथी घातली. ॲशवर्थ पैशाला पासरी निघाले, पण एलन आणि तिचा नवरा एमस, गाडीवान, कुठेच नाहीत.

"तुमची एलन मागनं आली असेल गं," विनिफ्रेड म्हणाली. "दगड वाहून झाले, भिंती उभ्या राहिल्या, मग आली. आयत्या बाकावर बसायला."

थेल्माला ते फार लागलं. घरी येऊन तिनं मटण-बटाट्याचा हॉटपॉट शिजायला चढवला आणि न जेवताच झाकून ठेवला. बहिणीला तिनं सांगितलं, की आयुष्यभर राबलेल्या बाईला कुणी आयतोबा म्हटलेलं मला सोसणार नाही.

यादी पाथरवटाकडे जायच्या आठवड्यात ती शेवटचा प्रयत्न म्हणून जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात गेली. तिथला जुन्या नोंदींचा माणूस ट्रेव्हेना, कॉर्नवॉलकडचा, नुकता बदलून आलेला. टाय, चष्मा, मऊ बोलणं. टायवाला माणूस समोर आला की आमच्याकडच्या लोकांचं काय होतं ते सांगायला हवं. आम्ही एरवी ह गिळतो. हाऊसचं आऊस, हॅरीचा ॲरी. शाळेत त्यापायी छड्या खाल्लेल्या असतात, त्यामुळे मोठ्या माणसापुढे जीभ घाबरते आणि जिथे ह नाही तिथेही एक चिकटवून देते. याला आम्ही फोनवरचा आवाज म्हणतो. थेल्मानं पर्स मांडीवर सरळ केली, मान ताठ केली आणि तोच आवाज लावला.

"हेलन हॅशवर्थ," ती म्हणाली. "नवरा हेमस."

गाववाला असता तर गालात हसून बरोबर नाव टाइप केलं असतं. ट्रेव्हेनानं ऐकलं तसंच टाइप केलं. मग संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवून तो म्हणाला, की नावं जरा वेगळी आहेत खरी, पण ही बघा तुमची माणसं.

बॅक लेन, स्टोनीक्लफ. हेमस हॅशवर्थ, गाडीवान. हेलन हॅशवर्थ, त्याची बायको, गिरणीत विणकरीण.

थेल्मा बघतच राहिली. तिला दार दिसलं, दारात शिरगणतीची नावं लिहून घेणारा, उंच टोपीतला परका साहेब दिसला आणि पुढ्यात विशी-बाविशीची पोरगी, लिहिता न येणारी, ओले हात एप्रनला पुसत आपला ठेवणीतला आवाज काढणारी. इतकी वर्षं ती हिला नुसती दांडगी बाई म्हणून ओळखत होती. ही घाबरायचीसुद्धा, आणि अगदी माझ्यासारखी, हे कळल्यावर थेल्माला हसू आलं आणि हसताहसता डोळे पुसावे लागले. ट्रेव्हेनाला वाटलं काही चुकलं. त्यानं तिला चहा आणून दिला.

समितीची बैठक चॅपलच्या मागच्या खोलीत भरली. विनिफ्रेडनं कागद दिव्याखाली धरला आणि नाक मुरडलं. हे हॅशवर्थ आहेत, ॲशवर्थ नव्हेत, आणि हेमस नावाचा माणूस जगात असतो तरी का, असं तिनं विचारलं. दोघाचौघांनी माना डोलावल्या. खोलीत गावचा नवा पाद्री बसला होता, ऑक्सफर्डचा, पांढऱ्या कॉलरचा.

थेल्मा भांडली नाही. ती म्हणाली, "असू दे, विनी. मिरवणुकीच्या दिवशी नावं तूच वाचणार ना? पाद्रीबाबांनी अजून ऐकली नाहीत. तुझ्या पणजीपासून वाच की."

विनिफ्रेडला वाचायला कधी आग्रह लागत नसे. ती उठली, चष्मा चढवला, पाद्र्याकडे पाहून घसा साफ केला.

"हॅग्नेस हेंटविसल," तिनं खणखणीत वाचलं.

मग मागच्या बाकावर बँडच्या कॉर्नेटवाल्याला हसू फुटलं, आणि पाठोपाठ सगळ्या खोलीला. पाद्री बिचारा, आपलं काय चुकलं म्हणून इकडे-तिकडे बघत होता. विनिफ्रेड कानापर्यंत लाल झाली. तिनं आपल्या हातातली यादी पाहिली, तिथे दोन्ही नावांत ह नव्हताच, मग थेल्माचा कागद पुन्हा एकदा पाहिला, आणि तिचे खांदे हलायला लागले. हसू ओसरल्यावर तिनं पेन उघडलं.

"पाथरवटाला कसं लिहून देऊ?" तिनं हळूच विचारलं. आवाज शाळेतल्या विनीचा होता. "ह लावून की ह काढून?"

"काढून," थेल्मा म्हणाली. "आता ती घरच्या माणसांत आलीय."