सायकल तीच आहे

भावानं सायकल माझ्या हवाली केली तेव्हा तिची चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती. वाकड्या हँडलची, बारीक टायरची पोलादी रेसर. तरुणपणी त्यानं मोठ्या हौसेनं घेतलेली. घाटाखालच्या आमच्या गावाहून तो रोज तिच्यावर बुलढाण्याला छापखान्यात कामाला जायचा, आणि मध्ये अख्खा राजूर घाट. आता छापखाना केव्हाच बंद पडलाय, भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि तो राहतो बुलढाण्यातच, घाट संपतो त्या बाजूला. ‘घेऊन जा बे, पडून सडून राह्यली,’ म्हणाला.

मी मोताळ्याला शाळेत शिकवतो. मला असल्या कामांची भारी खाज. फ्रेम तेवढी ठेवली, बाकी सगळं बदललं. अकोल्याच्या मिस्त्रीकडून मागचे दांडे जरासे फाकवून घेतले, त्यात हलकी चाकं बसवली, नवे ब्रेक, नवी चेन आणि गिअर. मागची सगळ्यात मोठी चकती तर बशीएवढी. रंग मात्र जुनाच राहू दिला, खरवडलेल्या जागांसकट. भेटेल त्याला छाती फुगवून सांगायचो, सायकल तीच आहे.

घाटाचा त्या काळी एक कायदा होता. आमच्या गावातून शहरात कामाला जाणारे चार-पाच जण सकाळी सोबत निघायचे. चढावर ज्याचा पाय जमिनीला टेकला, त्यानं पुन्हा सीटवर बसायचं नाही. माथ्यापर्यंत सायकल ढकलत न्यायची, कुणी बघत असो की नसो. भाऊ शेवटच्या वळणापर्यंत पोचायचा. तिथं रस्ता एकदम अंगावर येतो, आणि तिथंच त्याचा पाय टेकायचा. दर वेळी तिथंच. त्याचं म्हणणं एकच, सायकल जड आहे, नुसतं लोखंड, नाहीतर घाट काय चीज आहे! आम्ही त्याला चिडवायचो. वहिनी चुलीपाशी बसून विचारायची की आज लोखंड कुठं जड झालं. तोही हसायचा. त्या लोखंडाच्या आधारानं तो इतकी वर्षं मजेत होता, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्याला फोन करून माथ्यावरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं आणि खालून निघालो. खोटं कशाला बोलू, मला त्याला दाखवायचं होतं. चढ लागला की गिअर हलका करायचा आणि पाय फिरवत राहायचे, एवढंच काम. शेवटच्या वळणावर मी बोट जरासं दाबलं, चेन मागच्या बशीवर चढली आणि मी गाणं गुणगुणत वर आलो. भाऊ टपरीच्या बाकावर बसला होता. मी लांबूनच हात उंचावला.

तो उठला. सायकलीभोवती फिरला, खरवडलेल्या रंगावरून अंगठा फिरवला. मग माझ्या सदऱ्याकडे बघितलं. सदरा कोरडा होता.

‘कुठंच नाही टेकला पाय?’

‘कुठंच नाही.’

तो पुन्हा बाकावर बसला. बशीतल्या चहावर फुंकर मारली, पण प्याला नाही. ‘म्हणजे सायकल बराबर होती,’ तो म्हणाला. ‘मीच कमी पडलो.’

मला वाटलं, गंमत करतोय. गंमत नव्हती. टपरीवाल्याला त्यानं कौतुकानं सांगितलं की सायकल तीच आहे, आणि माझ्या धाकट्या भावानं पाय न टेकता घाट काढला. माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागचं चाक उचलून पायडल फिरवून दाखवलं, गिअर समजावून सांगितले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, गेर असो का काही असो, पाय तं माणसालेच मारा लागते.

नंतर वहिनीचा फोन आला. तिनं त्याला लोखंडावरून नेहमीसारखं चिडवलं, तर भाऊ म्हणाला, जाऊ दे, लोखंडाचं काही नव्हतं. तेव्हापासून घाटाचा विषयच काढत नाही, असं ती सांगत होती. मी फोन ठेवला आणि सायकलीकडे बघायची लाज वाटली. मी त्याचा घाट काढला नव्हता. जपून ठेवलेलं एक कारण होतं त्याच्यापाशी, ते मी हिसकावून आणलं होतं.

पुढच्या रविवारी गिअरची वायर सोडवली, स्क्रू पिळून चेन भावाच्या वेळच्या जुन्या मापाच्या चकतीवर अडकवून टाकली, त्याला पुन्हा टपरीवर बोलावलं आणि निघालो. मनात हिशेब असा की त्याच्याच वळणावर थकायचं, आणि वर जाऊन तसं सांगायचं. कसलं वळण न् कसलं काय! अर्धा घाटही झाला नव्हता. मांड्या पेटल्या, हँडल डुलायला लागलं, आणि पाय टेकला. बघायला फक्त कठड्यावरची माकडं. तरी पुन्हा बसलो नाही. ढकलत निघालो. त्याच्या वळणावर आलो तेव्हा थांबून मान वर करून चढ बघितला. हँडलला डबा अडकवून तो इथवर यायचा, आणि मग दिवसभर छापखान्यात उभा राहायचा.

मला पायी येताना बघून भाऊ बाकावरून उठला.

‘पाय टेकला, भाऊ,’ मी म्हणालो. ‘अर्ध्याच्याही खाली. जुन्या मापावर आणली आज. तू लय वर जायचा.’

त्यानं जवळ येऊन माझ्या पाठीवर तळवा ठेवला. सदरा चिंब झाला होता. मला वाटलं, आता हसेल, आता म्हणेल की बघ, सांगत नव्हतो लोखंड जड आहे म्हणून.

‘माझ्यासाठी उतरला ना बे?’

‘नाही. खरंच नाही जमलं.’

‘लहानपणापासून तुले खोटं बोलता येत नाही, आजही नाही जमलं,’ तो म्हणाला, आणि त्याच्या चहाची बशी माझ्याकडे सरकवली.