आईच्या खोकल्याला आम्ही धूर म्हणत राहिलो

गोवंडीत आलो तेव्हा मी दहावीत होते. वडील गेल्यावर दादानं आईला आणि मला बीडकडच्या गावातून इकडं मुंबईत आणलं. गावात मी लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचे, अनवाणी. इथं पळायला जागाच नव्हती; गल्लीत समोरून कुणी आलं की एकानं भिंतीला चिकटायचं. आईला घाटकोपरला धुण्याभांड्याची कामं मिळाली आणि तिथंच बिल्डिंगांच्या मागं तिला मैदान दिसलं.

"पोरी, लई मोठं हाय. उद्यापास्नं माझ्यासंगं चल."

पहिल्या बसनं आम्ही जायचो. मी धावायचे, ती कडेला बसून बघायची, मग कामावर जायची. तिथं मुलींना शिकवणारे एक सर होते. ते आईला म्हणाले, "दहा हजार मीटर पळेल ही."

"म्हंजे आमच्या गावाकडनं तालुक्यापर्यंत का?"

"साधारण."

"मग पळंल की."

कॉलेजात असताना राज्य स्पर्धेच्या निवडीआधी माझा दम तुटायला लागला. जवळच्या कचऱ्याच्या डंपिंगला आग लागली की आमच्याकडं सगळेच खोकतात, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. मग रुमालावर रक्त दिसलं. टीबी निघाला. गोळ्या घेतल्या की पोटात काही ठरायचं नाही. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे, आणि मैदानावरच्या मुली आत्ता कुठल्या फेरीत असतील ते मनात चालायचं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "एखादा नवस बोला."

"आमच्यात मागायला देव न्हाई ओ," आई म्हणाली. "आपलं आपुनच करायचं."

पण संध्याकाळी ती मला विहारात वंदनेला न्यायची. आधी दंडाला धरून, नंतर नुसती शेजारून. मी मध्येच टेकायला जागा शोधायचे. "थांब, पण बसू नगं," ती म्हणायची.

गोळ्या संपल्यावर मैदानावर गेले. सर म्हणाले, "आधी नुसतं चालायचं. घाई केलीस तर वाट लागेल." नव्या पोरी मला मागं टाकून जायच्या. रडू यायचं, ते घामात खपून जायचं. चालण्याचं पळणं व्हायला खूप महिने गेले, पण झालं. पुढच्या निवडीत माझं नाव आलं.

तोवर आई खोकायला लागली होती. "धूर हाय गं," म्हणायची. दादानं दवाखान्याचा विषय काढला की, "हिची स्पर्धा होऊ दे." एका सकाळी घरी भांडी घासतानाच ती कोसळली, तिला उठता येईना. दादा तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. तिलाही टीबीच होता, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा.

तोंडाला मास्क बांधून मी तिच्या खाटेशी उभी राहायचे.

"पळती का?"

"हो."

"दम लागतो?"

"लागतो गं."

"मग बरं हाय. जित्या मानसालाच दम लागतो."

त्याच आठवड्यात ती गेली.

स्पर्धेला मी गेले, कारण घरात थांबून काय करायचं तेच कळेना. शेवटच्या फेऱ्यांत पाय माझे वाटत नव्हते. बुद्धं सरणं गच्छामि, एवढंच श्वासासोबत म्हणत राहिले. पाचवी आले. सरांनी पाठीवर हात ठेवला. दादाचा फोन आला.

"कितवी?"

"पाचवी."

मग म्हणाला, "जेवलीस का?"

पदक मला कधीच मिळालं नाही. पुढं मुलुंडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. तिथंच डोंगराच्या बाजूला भाड्यानं खोली घेतली. रोज सकाळी पळते. छाती पहिल्यासारखी भरत नाही, तरी पळते.

खोली बघायला दादा आला होता. खिडकीत उभा राहून त्यानं लांब श्वास घेतला. म्हणाला, "तिला इथं आणायला पाहिजे होतं गं."

मी चहा टाकायला आत गेले, आणि तो उकळून आटेपर्यंत बाहेर आले नाही.