वहिनी नावाचं अक्षर

शेंद्र्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. मशिनी जपानी, त्यांवरच्या सूचनाही जपानी. भाषेची परीक्षा पास होईल त्याला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवणार असं कळलं, आणि मी कांजी, म्हणजे त्यांची चित्रासारखी अक्षरं, शिकायला बसले.

त्यासाठी लॅपटॉपवर ब्राउझरमध्येच चालणारी एक सोय होती. प्रत्येक अक्षराला एक इंग्रजी शब्द जोडलेला. तो शब्द बघून अक्षर आठवायचं. शब्द डोक्यात बसत नसेल तर शेजारच्या पेन्सिलीवर क्लिक करून आपला घालायचा. मी मराठी शब्द घालत सुटले. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. तिथं मी ‘लिंबाखाली’ लिहिलं. एक अक्षर होतं 鈍. अर्थ बोथट, मंद. त्याच दिवशी वहिनीनं माझा कंपनीचा पांढरा शर्ट रंगीत कपड्यांत भिजवला होता. मी रागानं तिथं लिहिलं, ‘वहिनी’. लिहून वर हसले.

वहिनी दहावी होताच लग्न करून आमच्या मुकुंदवाडीच्या घरात आलेली. मी कामावर गेल्यावर, दुपारी पोरीला झोपवून, ती माझ्याच लॅपटॉपवर माझीच अक्षरं गिरवत होती. मला पत्ताच नव्हता. एका रविवारी तिनं वही पुढं केली.

“रागावू नका ताई. तुमचे शब्द मराठीत हायेत म्हणून जमलं.”

दीडशेच्या वर अक्षरं होती, माझ्यापेक्षा सुबक. मग तिनं शेवटचं पान उघडलं. पानभर एकच अक्षर.

“आन् हे माझं. जपानीत वहिनीला असं लिहितात, व्हय?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “व्हय.”

तिनं ते मार्करनं स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर लिहिलं. मी रोज त्या डब्यांतली साखर घेत होते, चहा पीत होते आणि गप्प राहत होते.

हिवाळ्यात कंपनीत घरच्यांना बोलावण्याचा कार्यक्रम झाला. आमचे वयस्कर जपानी इंजिनिअर भेटले, तशी वहिनीनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्यांना दाखवला. ते हसत होते, ते थांबले. कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझी मान आपोआप खाली गेली. जरा वेळानं ते वाकून म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे. मी तेवढंच मराठीत सांगितलं.

परतीच्या रिक्षात पोरगी वहिनीच्या मांडीवर झोपली होती.

“ताई, ते साहेब एकदम गप का झाले?”

मला आणखी एक खोटं सुचलं होतं. पण ते तोंडातून बाहेर पडेना.

“त्या अक्षराचा अर्थ बोथट. मंद.”

“मग तिथं वहिनी कुणी लिहिलं?”

“मी.”

चिकलठाणा मागं पडलं. मग ती हळूच म्हणाली, “मी इचारलं तवा तरी सांगायचं ना. मी डब्यांवर लिहिलं ते.”

घरी आल्याआल्या साडीही न बदलता ती डबे घासायला बसली. मार्कर निघेना. मी शेजारी बसून एक डबा उचलला, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. “राहू द्या.”

मी माफी मागितली, त्या दिवशीही आणि नंतरही. ती “जाऊ द्या” म्हणते आणि पोळी वाढते. माझ्या लॅपटॉपला मात्र तिनं परत हात लावला नाही. ती आता मोबाइलवर शिकते आणि रविवारी औरंगपुऱ्यात जपानीच्या क्लासला जाते. पहिल्या रविवारी मी गाडी बाहेर काढून उभी राहिले.

“नको ताई,” ती चप्पल घालत म्हणाली, “रिक्षा मिळती की.” आणि चौकाकडं चालू लागली.