श्रोत्यांशी संवाद : दहापैकी दोन
मशीनच्या जळक्या तेलाचा वास आला की मला अंबडच्या कारखान्यातली सुरक्षा सप्ताहाची भाषणस्पर्धा आठवते. स्पर्धेत पहिला येणाऱ्या कामगाराला पत्रा दाबायच्या जड प्रेसवरून काढून नव्या पोरांना शिकवायला ट्रेनिंग विभागात घेणार होते, आणि शाळेत एकदा वक्तृत्वाचा पेला मिळवला होता एवढ्या भांडवलावर मी परीक्षक झालो होतो. पाळी संपवून आल्यामुळे डोळे मिटत होते. पेठ तालुक्याकडचा एक प्रेसवाला दुखरी पाठ धरत उभा राहिला आणि खाली बघत, ड्रिलवर हातमोजा घालू नका, तो अडकला की हात ओढून नेतो, एवढंच पुटपुटला. ‘श्रोत्यांशी संवाद’ या रकान्यात मी त्याला दहापैकी दोन दिले. पहिला नंबर टेबलावर मुठी आपटणाऱ्याला. दुसऱ्या दिवशी बघतो तर ड्रिलवरचे सगळे उघड्या हातांनी कामाला लागलेले. “मोजे कुठं गेले रे?” मी विचारलं. “काल त्यानं सांगितलं नाय का, साहेब? तुम्ही तर पुढंच बसले होते,” एक जण म्हणाला. निकाल तोवर फलकावर लागला होता. पेठकडचा तो प्रेसवाला पाठ चोळत पुन्हा प्रेसवर उभा राहिला. मला अजूनही परीक्षक म्हणून बोलावतात. हल्ली मी खुर्ची फिरवून श्रोत्यांकडे बघत बसतो, आणि वक्ते बिचारे माझ्या पाठीला भाषण देतात.