भुशाच्या खोलीवर पहारा

अंबरनाथ पश्चिमेला राहत्या घराच्या मागच्या खोलीत शिवराम लाकडाचे पाट, स्टुलं बनवत. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांचा जीव त्यातच. पण खोकला काही जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ तरी थांबवा, नाहीतर काम तरी. म्हणून त्यांनी उल्हासनगरहून धूळ ओढणारं मशीन आणलं. तरी खोकला होताच.

गयाबाईंना नवऱ्याचाच संशय. आवाजाला कंटाळून हा माणूस मशीन बंद ठेवत असणार. दाराला कान लावला, तर मशीन आपलं घरघरतंय. मग त्यांनी दोन ताटल्यांना खोबरेल फासलं. एक करवतीजवळ ठेवली, एक मशीनच्या मागे.

"आता माझ्यावर पहारा का?" शिवराम म्हणाले.

"तुमच्यावर नाही हो, धुळीवर," गयाबाई खोटंच बोलल्या.

संध्याकाळी करवतीजवळची ताटली बरीच स्वच्छ होती. मशीनमागची मात्र पिठात घोळल्यासारखी. मशीन ओढत होतं ती बारीक धूळ त्याच्या कापडी पिशवीतून पुन्हा खोलीतच येत होती. गयाबाईंनी पिशवी काढून उजेडाला धरली. तिची पार चाळण झाली होती.

दर रविवारी ती सोड्यात भिजवून, दगडावर आपटून धुणाऱ्या त्याच. एवढी मळकी वस्तू त्यांना घरात बघवत नव्हती ना.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "चोर सापडला."

"कोण?"

"तुमची बायको. नवी पिशवी आणा, मी हात लावणार नाही. आणि ती येईपर्यंत करवत बंद."

शिवराम हसले, हसता हसता खोकले, आणि करवतीचा प्लग काढला.