शेजारच्या खाटेवरचं औषध

बाळंतपणाच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर सुमन होती. बाळाला औषध पाजताना ती दाराकडे पाठ करून बसायची. आईचा एचआयव्ही बाळाला होऊ नये म्हणून ते रोज ठरल्या वेळी द्यायचं, असं नर्सबाई तिला हळू आवाजात समजावत होत्या, ते माझ्या कानावर पडलं होतं. तिच्या घरात नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, हेही त्यांच्या बोलण्यातून कळलं.

एका सकाळी ती सिरिंजमध्ये औषध ओढत असतानाच तिच्या सासूबाई आत आल्या.

“कसलं औषध गं?”

सुमनने मान खाली घालून औषध ओढणं चालूच ठेवलं. त्या माझ्याकडे वळल्या. “तुझ्या बाळाला नाही देत हे?”

“ज्याला लागतं त्याला देतात, मावशी,” मी कशीबशी म्हणाले.

किती द्यायचं, कधी द्यायचं, सगळं नियमाने ठरलेलं असतं. पण त्या वेळी समोर कोण उभं असेल, हे कोणता नियम सांगणार?

सासूबाईंनी बाटली उचलून पाहिली. मग त्यांनी सुमनच्या हातातून सिरिंज घेतली.

“हात थरथरतोय तुझा. सांडेल,” असं म्हणून त्यांनी बाळाच्या गालात हळूहळू औषध सोडलं.

त्यांना कळलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. बाळाने मात्र थेंबही बाहेर टाकला नाही.