पाण्याचा काटा खाली आला तेव्हा

गेल्या तीन वर्षांत माझा देवावर विश्वास उरला होता की नाही, हे कुणी विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. सकाळी आंघोळ करून कपाळाला विभूती लावत होतो, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजाही करत होतो. पण हात पूजेत आणि मन भलतीकडेच. आज हिची पाठ किती दुखेल, गोळी कधी संपेल, पडली तर उचलणार कोण, असं एकामागून एक सुरू व्हायचं. पूजा आटोपल्यावर आपण देवाला काय म्हणालो ते मलाच आठवत नसे.

ही म्हणजे माझी पत्नी. तीन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. चालता येतं, पण पंधरा-वीस मिनिटांवर बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. कुठल्याही एसटीत किंवा मोटारीत तिला नेणं अशक्यच झालं होतं. तिनं माझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलं नाही. त्या दुखण्यात मात्र एकदा म्हणाली, "मला एकदा कुडलसंगमला नेऊन आणा. मग काय व्हायचं ते होऊ दे." आमचं गाव हुलसूर. तिथून संगम, म्हणजे बसवण्णांचं समाधिस्थान, दोन दिवसांच्या प्रवासावर.

मी एकतीस वर्षं सरकारी बसवर ड्रायव्हर होतो. त्यामुळे उदगीरजवळ एक जुनी घरगाडी विकायला आहे असं कळल्यावर मला राहवलं नाही. मूळची पिवळी मिनीबस. एका हौशी जोडप्यानं आतल्या सीटा काढून पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि मागे संडास करून घेतला होता. इंजिन जुन्या पद्धतीचं, आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बोनेटखाली. इंजिन बरं होतं, पण समोरच्या बोर्डावर वेगाच्या मीटरशिवाय काहीही चालत नव्हतं. ऑइलचा दिवा मेलेला, पाण्याचा काटा तुटलेला.

खरं तर नोकरीत मी अशा कितीतरी गाड्या चालवल्या होत्या. मीटर कुणाला हवेत! ऑइल कमी झालं, पाणी तापलं, पट्टा सैल झाला, सगळं कानाला कळायचं. पण आता एक गोष्ट होती, जी मी कुणालाही सांगितली नव्हती. माझा डावा कान जवळजवळ गेला होता. एकतीस वर्षं त्या कानाशेजारी इंजिन धडधडत होतं, त्याचाच तो परिणाम असावा. उजव्यानं भागत होतं, पण गाडी सुरू झाली की सगळा आवाज नुसता एक गोळा होऊन यायचा. त्यातून काही वेगळं काढता येत नव्हतं. हे हिला सांगितलं तर ती संगमचं नावच टाकून देईल, याची मला खात्री होती. दुसरा ड्रायव्हर ठेवायचा तर मन धजत नव्हतं. माझ्या माणसाला मीच नेणार, हा हट्ट होता. त्याला मी प्रेम म्हणत होतो. त्यात भीती किती होती हे आता कळतं.

म्हणून मी तीन नवे मीटर बसवायचं ठरवलं. ऑइलचा, पाण्याचा आणि बॅटरीचा. कानांचं काम डोळ्यांनी करायचं. बिदरला जुन्या गाड्यांचं वायरिंग करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडून मीटर घेतले. त्यांनी बसवून देतो म्हटलं, पण मला कुणाच्या हातावर भरवसा नव्हता. ते हसून म्हणाले, "कायकू इत्ता डरते अण्णा? गाडी हे, पेशंट नै." मग निघताना मात्र त्यांनी गंभीरपणे बजावलं, "पाइप की क्लिप एक बार गरम होके थंडी हुई के फिर कसना पडता. भूलो नक्को."

आठ दिवस मी अंगणात त्या गाडीत घुसलो होतो. बोर्डाला तीन गोल भोकं पाडली, कडा कानशीनं घासल्या. इंजिनाकडून येणाऱ्या वायरी पत्र्यावर घासून उघड्या पडू नयेत म्हणून भोकात रबर बसवलं. ऑइलच्या सेन्सरसाठी जोड लावला. पाण्यासाठी रेडिएटरचा वरचा पाइप मधोमध कापला, त्यात सेन्सरचा पितळी तुकडा घातला आणि दोन्ही बाजूंना क्लिपा आवळल्या. चावी फिरवली आणि तिन्ही काटे एकदम थरथरून उठले, तेव्हा मला वाटलं, आता कशाची भीती नाही. पण झालं उलटंच. त्या दिवसापासून माझी नजर त्या काट्यांवरून हलेना. वायरी मी तीन-तीनदा तपासल्या. क्लिपा पुन्हा आवळायच्या राहूनच गेल्या.

शिवरात्रीच्या आधी आम्ही निघालो. निघण्यापूर्वी हिनं गाडीतल्या पलंगावर बसूनच पूजा केली. बसवकल्याण गेलं, हुमनाबाद मागे पडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, ऊन चढत होतं. माझं सगळं लक्ष मात्र बोर्डाकडे. चढ आला की पाण्याचा काटा थोडा वर सरकायचा आणि माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठायचा. मागच्या पलंगावरून हिनं मोठ्यानं विचारलं, "अवो, तुमी रस्त्याकडं बघायलात का त्या काट्याकडं?" आरशात तिचा चेहरा पाहून मी नुसता हसलो.

कमलापूर अजून लांब होतं. एक मोठा चढ चढताना काटा वर वर जाऊ लागला. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढे गेला. गाडी बाजूला घ्यावी असं मनात आलं, तेवढ्यात चढ संपला आणि काटा उतरू लागला. हळूहळू नव्हे, चांगला भराभर. बघता बघता पार खाली, इंजिन नुकतंच सुरू केल्यावर असतो तिथे येऊन बसला. मी सुटकेचा श्वास टाकला. तीन वर्षांत पहिल्यांदा मनापासून म्हणालो, "बसवण्णा, तुझीच कृपा." आणि ॲक्सिलरेटर दाबला.

समोर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बाई हात दाखवत उभी होती. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर टोपली, त्यात तांबडी केळी. कडेला म्हणजे जवळजवळ डांबरावरच. ही प्रवासी गाडी नाही, थांबायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण ती हटेना. ब्रेक मारावाच लागला. दार उघडून मी रागानंच म्हणालो, "अव्वा, सीटची गाडी न्हाई ही."

"व्हय का? पिवळी बघून हात केला बघ. आमची जीप पण पिवळीच हाय." तिचं मराठी चांगलं होतं. माहेर उमरग्याकडचं, असं तिनं नंतर सांगितलं. कलबुर्गीला मुलीकडे निघाली होती. एरवी फाट्यावर जीप धरायची, आज म्हणे उगीच पुढे चालत आली. मागून ही काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, पण म्हातारी ते उत्तर समजून सरळ पायरीवर चढली. टोपली आत सरकवली आणि तोल सावरायला तिनं बोनेटवर हात टेकला.

"अय्यो! सुडतद!" ती किंचाळली आणि हात झटकला. तळवा लालबुंद झाला होता. "अण्णा, भाजलं की रे! गाडी नुस्ती आग व्हायलीय. किती खडखड वाजायलीय, ऐकू येईना व्हय तुला?"

मी काट्याकडे बोट दाखवलं. "अव्वा, थंड आहे. हे बघ."

"त्या काट्याला हात लावून बघू का बोनेटला?" ती म्हणाली.

त्या क्षणी मला काय झालं, ते आजही नीट सांगता येत नाही. एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. इंजिन तापलंय का हे बघायला बोनेटवर हात ठेवायचा, हे नव्या पोरांना मीच शिकवत होतो. मी हात पुढे नेला, बोटं टेकायच्या आधीच चटका लागला. चावी बंद केली. इंजिन थांबलं आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा हिचा आवाज ऐकू आला. ती पलंगावर अर्धी उठून, कठड्याला धरून बसली होती, डोळे भरलेले. "किती वेळ झाला मी वराडायलीय! काय तरी वाजायलंय, गाडी थांबवा, गाडी थांबवा म्हणून. तुमी मागं बघायलाच तयार न्हाई!"

खाली उतरून पाहिलं तर मागे रस्त्यावर पाण्याची ओली रेघ दूरवर गेलेली, उन्हात वाळत चाललेली. इंजिन जरा निवल्यावर बोनेट उघडलं. मी घातलेल्या पितळी तुकड्याची एक क्लिप सैल झाली होती. तिथून पाणी गळत गळत रेडिएटर रिकामा झाला होता. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याची उष्णता सांगतो. पाणीच गेलं, तो कोरडा पडला, आणि काटा खाली आला. जे बघून मी देवाचे आभार मानले, तो धोक्याचाच इशारा होता. शिवाय ती गळती जुन्या गाडीची नव्हती. भीतीपोटी मी स्वतःच्या हातानं पाइप कापला होता, तिथलीच ती होती. पुढे उताराची वळणं होती, समोरून उसाचे ट्रक येत होते. तिथे इंजिन जाम होऊन बंद पडलं असतं तर त्याच्याच जोरावर लागणाऱ्या ब्रेकचं काय झालं असतं, हा विचार मी पुरा करू शकलो नाही. रस्त्याकडेच्या दगडावर बसलो.

तासभर गाडी निववावी लागली. म्हातारीच्या हातावर हिनं टाकीचं गार पाणी ओतलं, मलम लावलं. मग तिघं लिंबाच्या सावलीत बसलो. हिच्यासाठी चटई अंथरली. तिथे मी हिला सगळं सांगितलं. कान, मीटर, हट्ट, सगळं. परक्या बाईसमोर रडू आलं याची लाजही वाटली नाही.

हिनं चटईवर कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मला ठाऊक हाय. दोन वर्षं झाली. डाव्या अंगानं बोललं की तुमी नुस्तं व्हय व्हय म्हणता. तुमी सांगताल म्हणून वाट बघायलते."

"मग माझ्या गाडीत बसलीस कामून?"

"तुमी नेणार म्हणून एवढं जिवाचं रान करायलात, न्हाई कसं म्हणू? माझं बी चुकलंच. त्या खडखडीत जीव जायची पाळी आली, तवा वाटलं, आधीच बोलले असते तर बरं झालं असतं."

म्हातारीनं दोघांच्या हातात एक-एक केळ ठेवलं. "खा आधी," एवढंच म्हणाली.

क्लिपा आवळल्या, टाकीतलं पाणी थोडं थोडं करत भरलं आणि जीव मुठीत धरून चावी फिरवली. इंजिन लागलं. तरी मला धीर येईना. मी म्हातारीला म्हणालो, "अव्वा, पुढं बस. काही वाजलं की सांग." कलबुर्गीपर्यंत ती माझ्या शेजारच्या सीटवर बसून होती. दर दोन-तीन मैलांनी भाजलेला हात पदरात धरून, दुसरा हात बोनेटजवळ नेऊन बघायची आणि मान हलवायची. गावात शिरल्यावर एका चौकात उतरली. नाव विचारेपर्यंत टोपली डोक्यावर घेऊन "शरणु" म्हणत निरोपाचा नमस्कार केला आणि गर्दीत गेली. तिचा हात बरा झाला असेल ना, हे आजही मनात येतं. ज्या हातानं आम्हाला वाचवलं त्याला भाजावं लागलं, याचं ओझं माझ्यावर आहे.

कलबुर्गीत माझ्याबरोबर निवृत्त झालेला एक ड्रायव्हर राहतो. त्याला फोन केला. म्हणालो, "मला ऐकू येत नाही. संगमपर्यंत गाडी तू चालव." तो दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन हजर झाला. त्यानं स्टिअरिंग धरलं आणि मी मागे हिच्या उशाशी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच गाडीत प्रवासी होतो. पहिले दोन तास प्रत्येक वळणाला माझा पाय नसलेल्या ब्रेकवर जायचा. मग केव्हातरी हिनं माझा हात धरला आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो. शरण या शब्दाचा अर्थ मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असंच वाटत होतं. आपल्या हातातलं सोडूनही द्यावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. आणि सोडताना भीती जात नाही. ती असतेच. तिला घेऊनच सोडायचं असतं.

संगमला पोचलो. समाधीपर्यंतच्या पायऱ्या उतरायला हिला दोन बायकांनी आधार दिला, मी मागून चाललो. लिंगासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात काळज्यांची नेहमीची यादी उमटली नाही. नुसता उभा राहिलो.

परत आल्यावर मी बिदरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कानात यंत्र बसवून घेतलं. घरी येऊन दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आल्यावर यंत्र कानात घातलं, तेव्हा आतल्या खोलीतून काहीतरी ऐकू येत होतं, अगदी बारीक, धाप लागल्यासारखं. उठून दाराशी गेलो. ही आडवी पडूनच, छातीवर इष्टलिंग धरून बसवण्णांची वचनं म्हणत होती. ऑपरेशन झाल्यापासून दुखण्यापायी तिनं वचनं म्हणणं सोडलंय, असं मी तीन वर्षं समजत होतो. ती रोज म्हणत होती. मी उंबऱ्यावरच बसलो आणि शेवटच्या वचनापर्यंत ऐकत राहिलो.